पश्चिमेच्या जुन्या सागवानी खिडक्या : बदलाव्यात की दुरुस्त कराव्यात?

विदर्भकन्या (नागपूर)

नमस्कार. घराच्या खिडक्यांविषयी एक निर्णय घ्यायचा आहे आणि तो एकदा घेतला की मागे फिरता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर धरमपेठ भागात आहे. सासऱ्यांनी ते १९६८ साली बांधले. भिंती चौदा इंची विटांच्या, वर स्लॅब आणि खिडक्या सगळ्या सागवानी : चार फूट बाय चार फूट, दोन झडपांच्या, बाहेर उघडणाऱ्या, आतल्या बाजूने चौकटीतच बसवलेले लोखंडी गज. प्रत्येक झडपेचा खालचा तिसरा हिस्सा फळीचा आणि वरचा काचेचा आहे. अशा एकूण चौदा खिडक्या आहेत. त्यांपैकी चार पश्चिमेला आहेत, दोन सासूबाईंच्या खोलीत आणि दोन आमच्या.

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या खोलीत कूलर होता; यंदा डॉक्टरांच्या सल्ल्याने दीड टनाचा एसी बसवला. तो दुपारी बारा वाजता सुरू होतो आणि चारनंतर त्याचा दम संपतो. २६ अंशांवर ठेवलेला असूनही खोलीतले तापमान ३० च्या खाली येत नाही आणि कॉम्प्रेसर क्षणभरही थांबत नाही. परवा चार वाजता मी काचेला आतून हात लावला, तर तो तीन सेकंदही ठेववेना. त्याच झडपेच्या खालच्या फळीवर मात्र हात निवांत ठेवता आला. नंतर उदबत्ती लावून दोन झडपांच्या मधल्या फटीसमोर धरली. धूर सरळ वर जाण्याऐवजी आडवा होऊन खोलीत पसरला. काही ठिकाणी ही फट इतकी रुंद आहे की रुपयाचे नाणे आरपार जाते.

एका फॅब्रिकेटरला बोलावले होते. त्यांचे म्हणणे असे की जुन्या लाकडात पैसा घालण्यात अर्थ नाही, चौदाही खिडक्या चौकटींसह काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) दुहेरी काचेच्या सरकत्या खिडक्या लावाव्यात, म्हणजे वीज निम्मी होईल. खर्च तीन लाखांच्या घरात जातो. शेजारच्या घरी असेच काम झाले. त्यांचे साग भंगारवाल्याने किलोवर नेले, ते बघून सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. पण मी केवळ भावनेपोटी हे लाकूड जपायला निघालेले नाही. सासूबाईंची खोली थंड व्हायलाच हवी. त्यासाठी खरोखर सर्व खिडक्या बदलणे आवश्यक आहे का, आणि नसेल तर कशापासून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उष्मागणित (पुणे)

ताई, मी वातानुकूलनाच्या क्षेत्रात यंत्र अभियंता म्हणून काम करतो. तुम्ही काच आणि फळी यांना हात लावून जो फरक पाहिलात, त्यात अर्धे उत्तर आले आहे. उरलेले आकड्यांत मांडतो.

खिडकीतून उष्णता तीन वाटांनी येते. पहिली वाट उन्हाची : किरण काचेतून थेट आत शिरतात आणि जमीन, पलंग, भिंत तापवतात. दुसरी वाट वहनाची : बाहेर ४४ अंश आणि आत २६ अंश असल्यामुळे काच आणि चौकट यांच्यामधून उष्णता झिरपते. तिसरी वाट फटींची : गरम हवा थेट आत येते. या तिन्ही वाटा सारख्या रुंद नसतात, आणि कोणती सर्वांत रुंद आहे हे न पाहता खर्च केला की पैसे जातात आणि खोली तशीच राहते.

सासूबाईंच्या खोलीतील दोन्ही खिडक्यांची निव्वळ काच मिळून साधारण दीड चौरस मीटर धरू. मे महिन्यात चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन पडते. साध्या काचेतून त्यातली सुमारे ८५ टक्के उष्णता आत येते, म्हणजे दीड चौरस मीटरमागे ७६५ वॅट. आता वहन पाहा. साध्या एकेरी काचेचे यू मूल्य ५.८ च्या आसपास असते. म्हणजे आत-बाहेर एका अंशाचा फरक असेल तर एका चौरस मीटरमधून ५.८ वॅट उष्णता जाते. १८ अंशांचा फरक आणि दीड चौरस मीटर काच धरली तर हा आकडा १५७ वॅट येतो. याचा अर्थ असा की तुमच्या खोलीत उन्हाची वाट वहनाच्या वाटेच्या जवळजवळ पाचपट रुंद आहे.

साध्या दुहेरी काचेने यू मूल्य २.८ पर्यंत उतरते, म्हणजे वहनात ८० वॅट वाचतात. पण ऊन मात्र ती ७५ टक्क्यांच्या आसपास आत सोडतेच, म्हणजे तिथे आणखी ९० वॅट वाचले. एकूण बचत १७० वॅट. त्याउलट खिडकीच्या बाहेर काही फुटांवर बांबूच्या काड्यांचा दाट पडदा किंवा वाळ्याची ताटी टांगली आणि तिने तीन चतुर्थांश ऊन अडवले, तर एकट्या त्या पडद्याने ५७० वॅट वाचतात. दीड टनाच्या एसीची पूर्ण क्षमता सुमारे ५,२७० वॅट असते. तिच्यातला दहावा हिस्सा एका पडद्याने मोकळा होत असेल, तर काचेच्या आधी पडद्याचा विचार करावा, हे माझे स्पष्ट मत आहे. पडदा बाहेरच हवा, कारण आतला पडदा गाठेपर्यंत ऊन काच ओलांडून खोलीत आलेले असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पांढऱ्या अस्तराचा पडदा थोडे ऊन परत फेकतो, पण बाहेरच्या सावलीची सर त्याला नाही.

छज्जा आहेच की, असे तुम्ही म्हणाल. मात्र पश्चिमेच्या खिडकीला छज्जा फारसा उपयोगी पडत नाही. मे महिन्यात नागपूरला दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३५ अंशांवर असतो. दीड फुटी छज्ज्याची सावली तेव्हा सुमारे फूटभर खाली उतरते, आणि पाच वाजता त्याहूनही कमी. चार फुटी खिडकीचा उरलेला सगळा भाग उन्हातच राहतो. दक्षिणेच्या खिडक्यांचे मात्र उलटे आहे : मेअखेरीस भर दुपारी सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे तिथे तोच दीड फुटी छज्जा पुरेसा असतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पश्चिम दिशेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडक्यांवरही संध्याकाळी तिरपे ऊन येते. त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

फटींचेही गणित सांगतो. चार बाय चारच्या दोन झडपी खिडकीला चहूबाजूंची आणि मधली मिळून सहा मीटर लांबीची फट असते. ती सरासरी दोन मिलिमीटर रुंद धरली तर १२० चौरस सेंटीमीटर भोक झाले, म्हणजे जवळपास एका पोस्टकार्डाएवढे. एसीच्या खोलीत भिंतीला पोस्टकार्डाएवढी दोन भोके पाडून बसल्यासारखे हे आहे. फटी बुजवायला दुहेरी काचेच्या मानाने नगण्य खर्च येतो, तेव्हा ते काम दुसऱ्या क्रमांकावर घ्यावे.

तुमचे घर एकमजली असेल तर आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही : उघडी स्लॅब मे महिन्यात दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता खाली सोडते. गच्चीला चुन्याचा दाट पांढरा हात दिल्याशिवाय खिडक्यांचे पूर्ण फळ दिसणार नाही.

सागवान (सातारा)

उष्मागणित यांचा हिशेब मला मान्य आहे. मी लाकडापुरते बोलतो. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम चालत आले आहे आणि गेली काही वर्षे मी मुख्यतः जुन्या वाड्यांची दारे-खिडक्या दुरुस्त करतो.

ताई, १९६८ सालचे साग आज त्या प्रतीचे मिळणे अवघड आहे. लाकूड कुजले आहे का, हे पाहण्यासाठी पेचकस घेऊन चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आणि झडपेच्या तळच्या आडव्या पट्टीत दाबून बघा. पाणी तिथेच साचते, त्यामुळे कुज आणि वाळवी लागलीच तर तिथूनच सुरू होते. पेचकस रुतला नाही तर ती खिडकी अजून पन्नास वर्षे सहज जगेल. रुतला तरी फक्त तेवढा तुकडा कापून नव्या सागाचा जोड देता येतो. त्यासाठी सगळी चौकट उपटण्याची गरज नसते. चौकट उपटताना भिंतीचा गिलावा, छज्ज्याचा सांधा आणि कधी कधी खालचा कट्टासुद्धा फुटतो. ती दुरुस्ती खिडकीच्या दरपत्रकात बहुधा लिहिलेली नसते.

दुरुस्ती केव्हा करावी, हे कशी करावी याच्याइतकेच महत्त्वाचे आहे. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि तुमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आक्रसते. जुलैत झडप अडकते म्हणून रंधा मारला की मेमध्ये त्याच जागी नाणे जाईल एवढी फट पडते. तुमच्या काही फटी कुठल्या तरी जुन्या पावसाळ्यात अशाच तयार झाल्या असाव्यात. उलट मे महिन्यात फट मोजून जाड रबर बसवले, तर जुलैत खिडकी लागणारच नाही. म्हणून हे काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर-डिसेंबरात करावे, तेव्हा लाकूड मधल्या स्थितीत असते. तोपर्यंत फटींवर आतून कागदी चिकटपट्टी लावून उन्हाळा काढता येईल. ती काढताना रंगही फारसा निघत नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा. झडपा उतरवण्याआधी प्रत्येकीवर खडूने नव्हे, तर पटाशीने आकडा कोरावा, कारण इतक्या वर्षांत प्रत्येक झडप आपल्या चौकटीपुरती घासून बसलेली असते आणि अदलाबदल झाली की सगळे बिघडते. बिजागऱ्या झिजून झडप खाली लटकली असेल तर आधी बिजागऱ्या बदलाव्यात. निम्म्या फटी तेवढ्यानेच मिटतात. त्यानंतर चौकटीच्या ज्या खाचेत झडप टेकते, त्या पतामात ईपीडीएम रबराची पोकळ नळीसारखी पट्टी चिकटवावी. स्पंजाची स्वस्त पट्टी घेऊ नये, ती एका उन्हाळ्यात भुगा होते. दोन झडपा जिथे एकमेकींवर बसतात तिथे उभी सागाची पट्टी जडवून तिच्या आत हेच रबर द्यावे. जुन्या काचेभोवतीची लांबी (पुट्टी) तडकलेली असते. ती खरवडून नवी भरावी. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या भेगा तर आवर्जून पाहाव्यात, कारण झडपेची फट दिसते पण ही भेग रंगाखाली लपलेली असते.

रंगाविषयी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः साठ-सत्तरच्या दशकांतल्या तैलरंगांत शिसे असण्याची दाट शक्यता असते. ते थर कोरडे घासले तर धूळ घरभर बसते, आणि लहान मुलांना तिचा अपाय सर्वांत जास्त होतो. पॉलिश पेपर नेहमी ओला करून मारावा, काम अंगणात करावे, खाली प्लास्टिक अंथरावे आणि पेंटरला तोंडावर चांगला मास्क घालायला लावावा. रंग जाळून काढू देऊ नये.

आता दुहेरी काचेविषयी. जुन्या झडपेत ती बसत नाही. तीन मिलिमीटर काचेसाठी केलेल्या खाचेत बावीस मिलिमीटर जाडीचा संच मावणार कसा? शिवाय एक चौरस मीटर तीन मिलिमीटर काच साडेसात किलोची असते, तर पाच मिलिमीटरच्या दोन काचा मिळून पंचवीस किलोच्या होतात. त्या ओझ्याने जुनी झडप पुन्हा लटकेल. पण तुमच्या भिंती चौदा इंची आहेत, म्हणजे गजांच्या आतल्या बाजूला बरीच जागा मोकळी असणार. तिथे आत उघडणारी दुसरी झडप बसवता येईल. जुनी खिडकी बाहेर तशीच राहते, मध्ये हवेचा थर तयार होतो, आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो. असे मी दोन वाड्यांत केले आहे. फक्त एसीच्या खोलीपुरते हे केले तरी पुरे.

माजघर (नागपूर)

अगं, मी तुझ्याच शहरातली, आणि वयाने तुझ्या सासूबाईंच्या बरोबरीची. आमच्या लहानपणी दुपारचे घर बंद असे. सकाळी नऊच्या आत पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या लागत, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले जाई, आणि रात्री दहानंतर सगळी दारे-खिडक्या सताड उघडून भिंतींना गार होऊ दिले जाई. हल्ली दिवसा खिडक्या उघड्या आणि रात्री बंद, असे उलटे झालेले मी अनेक घरांत पाहते.

मला एवढेच सांगायचे आहे की ज्या खोल्यांत कूलर राहणार आहे, त्या खोल्यांच्या खिडक्या अगदी घट्ट करून टाकू नकोस. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. तिला समोरून निघून जायला वाट हवी, नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि अंग चिकचिकते. समोरची झडप चार बोटे उघडी ठेवली की कूलर चांगला चालतो. एसीचे नेमके उलटे. म्हणून कोणती खोली एसीची आणि कोणती कूलरची, हे आधी ठरव आणि मगच मिस्त्रीला बोलाव.

उष्मागणित (पुणे)

काकूंनी जे सांगितले ते मी आधीच लिहायला हवे होते. त्याला जोडूनच सरकत्या खिडक्यांविषयी सांगतो.

दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. ती नव्या बांधकामांसाठी असली तरी तिच्यातले एक माप जुन्या घरालाही लावून बघण्यासारखे आहे : नागपूरसारख्या संमिश्र हवामानात उघडता येणारी खिडकी घराच्या वापरातील एकूण क्षेत्रफळाच्या किमान साडेबारा टक्के असावी. तेच माप एका खोलीला लावून पाहू. बारा बाय चौदा फुटांच्या खोलीचे क्षेत्रफळ १६८ चौरस फूट, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे २१ चौरस फूट. तुमच्या दोन झडपी खिडक्या चौकटीसह ३२ चौरस फुटांच्या आहेत, त्यामुळे चौकट वजा जाताही त्या या मापात बसतात. त्याच जागी सरकत्या खिडक्या लावल्या की उघडणारा भाग १६ चौरस फुटांवर येतो आणि रात्री घर गार करण्याची सोय निम्म्याने कमी होते. नवी खिडकी घ्यायचीच झाली तर बिजागरीवर उघडणारी घ्यावी. झडप रबरावर दाबून बसत असल्यामुळे ती सरकत्या खिडकीपेक्षा हवाबंदही अधिक असते.

काचेवर चिकटवायच्या फिल्मविषयी मला खासगी संदेशात विचारणा झाली. फिल्मने ऊन निश्चित कमी होते, पण ऊन शोषणारी गडद फिल्म काचेलाच फार तापवते. जुनी काच कडक झालेल्या लांबीत घट्ट अडकलेली असेल आणि तिच्या अर्ध्या भागावर छज्ज्याची सावली पडत असेल, तर उन्हातला भाग प्रसरण पावतो, सावलीतला पावत नाही आणि काच तडकते. लावायचीच असेल तर ऊन परावर्तित करणारी घ्यावी, आणि तीही लांबी नवी भरल्यानंतर.

नेकारकाठ (जर्मनी)

मी गेली अकरा वर्षे श्टुटगार्टजवळ राहतो, मूळचा अमरावतीचा. दुहेरी-तिहेरी काचांची इथली वाहवा ऐकून गावाकडे अनेक जण त्याच मागतात, म्हणून लिहावेसे वाटले.

इथे हिवाळ्यात आत २१ आणि बाहेर कधी उणे ५ असते, घर महिनोन्‌महिने तापवावे लागते. त्यामुळे वहन अडवणे हाच इथे मुख्य प्रश्न असतो, आणि जुनी खिडकी बदलली तर नवीचे यू मूल्य १.३ पेक्षा जास्त नसावे असा कायदा आहे. हिवाळ्यातले ऊन मात्र घरात हवेच असते, म्हणून इथल्या बऱ्याच काचा वहन रोखतात पण ऊन आत येऊ देतात. तशी काच नागपूरच्या पश्चिमेच्या खिडकीला लावली तर अर्धेच काम होईल. दुकानदाराला यू मूल्याबरोबर ‘सोलर हीट गेन’चा आकडाही विचारावा. तो जितका कमी तितके ऊन कमी. साध्या काचेचा ०.८५ च्या आसपास असतो, तुमच्यासाठी ०.३ च्या जवळपास असलेली काच योग्य ठरेल. दुहेरी काचेवर धातूचा सूक्ष्म लेप असेल, तर उष्ण प्रदेशात तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला यायला हवा. संच उलटा बसवला तर ऊन अडवण्याची त्याची ताकद घटते. बसवणाऱ्याकडून हे लेखी घ्यावे. ॲल्युमिनियमची चौकटही टाळावी; लाकडाच्या मानाने ॲल्युमिनियममधून उष्णता सुमारे हजारपट सहज वाहते, आणि साग तर तुमच्याकडे आहेच. इथेसुद्धा कडक उन्हाळ्यात घर वाचवतात ती बऱ्याच घरांच्या खिडक्यांबाहेर असणारी, गुंडाळून वर जाणारी झापडे. काच तिहेरी असली तरी लोक ती झापडे दुपारी खाली ओढतात.

आणखी एक, आणि हे सर्वांत गंभीर आहे. इथे जुन्या घरांना हवाबंद खिडक्या लावल्यावर कोपऱ्यांत बुरशी धरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, कारण पूर्वी फटींतून आपोआप होणारी हवेची ये-जा थांबते. आपल्याकडे त्याहून मोठा धोका गॅस गिझरचा आहे. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर तिथले रोशनदान कदापि बंद करू नका. अपुऱ्या हवेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत अनेकदा काही कळत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीलाही हेच लागू आहे. फटी बुजवायच्या त्या फक्त एसीच्या खोलीच्या.

विदर्भकन्या (नागपूर)

सर्वांची मनापासून आभारी आहे. काकू, तुमचा निरोप मी सासूबाईंना वाचून दाखवला, आणि त्यांच्या माहेरी वाळा भिजवायला वेगळी घागर असे, हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितले.

वीस दिवसांत काय केले ते लिहिते. फॅब्रिकेटरला सध्या नको म्हणून कळवले. पेचकसाची परीक्षा चौदाही खिडक्यांवर घेतली; न्हाणीघराशेजारच्या एका चौकटीचा खालचा कोपरा तेवढा रुतला, बाकी सारे लाकूड टणक आहे. न्हाणीघरात आमच्याकडे गॅस गिझरच आहे आणि त्याच्या रोशनदानावर मागच्या थंडीत आम्ही पुठ्ठा ठोकला होता. नेकारकाठ यांचा प्रतिसाद वाचून मी त्याच रात्री तो काढला.

पश्चिमेच्या चारही खिडक्यांना छज्ज्याच्या बाहेरच्या कडेला हुक मारून बांबूचे दाट पडदे टांगले. ते भिंतीपासून दीड फूट दूर आहेत, त्यामुळे मधली तापलेली हवा वर निघून जाते. खिडकी उघडताना मात्र अडचण आली : झडप दोन फूट रुंद असल्याने अर्धवट उघडली की पडद्याला भिडते, ती पूर्ण मागे नेऊन भिंतीला टेकवली तरच जागा होते. दुपारी झडपा बंदच असतात, म्हणून चालून जाते. सासूबाईंच्या खोलीच्या फटींवर आतून कागदी पट्टी लावली आणि गच्चीला चुन्याचे दोन हात दिले.

काल बाहेर ४४ अंश होते. चार वाजता काचेला हात लावला. ती कोमट होती आणि हात तसाच ठेवता आला. एसी २६ वर होता, खोली २७ वर आली, आणि साडेचारच्या सुमारास कॉम्प्रेसर थांबल्याचा आवाज या उन्हाळ्यात पहिल्यांदा ऐकला. पडद्यांमुळे किती फरक पडला, चुन्यामुळे किती आणि फटींमुळे किती, हे मला वेगळे काढता येणार नाही, कारण तिन्ही कामे एकाच आठवड्यात झाली. बिजागऱ्या, रबर आणि तो रुतलेला कोपरा यांचे काम नोव्हेंबरात करणार आहोत, आणि सासूबाईंच्या खोलीत आतली दुसरी झडप तेव्हाच.

आता एकच अडचण उरली आहे. संध्याकाळी वावटळ उठली की हे पडदे भिंतीवर आणि झडपांवर धाडधाड आपटतात. सासूबाई दचकून उठतात, आणि एका काचेला ओरखडाही गेला आहे. सागवानदादा, यावर काही उपाय आहे का?

सागवान (सातारा)

आहे. पडद्याच्या तळाला लोखंडी सळईचा तुकडा गुंडाळून शिवून घ्या, म्हणजे तो वजनाने ताठ राहील. खिडकीच्या खालच्या भिंतीत दोन्ही बाजूंना एकेक कडी बसवून पडद्याची खालची टोके नायलॉनच्या दोरीने त्या कड्यांना बांधा. दोरी भिंतीकडे तिरपी उतरेल, पडदा बाहेर उडणार नाही. आत आपटू नये म्हणून छज्ज्यापासून खालच्या कट्ट्यापर्यंत, पडद्याच्या आतल्या बाजूने, दोन जाड तारा ताणून बांधा. पडदा त्यांना टेकेल, काचेपर्यंत पोहोचणार नाही. पहिल्या पावसाआधी मात्र हे सगळे पडदे उतरवून, वाळवून, माळ्यावर ठेवा. भिजलेला बांबू काळा पडतो आणि पुढच्या उन्हाळ्याला उपयोगी येत नाही.